हिस्लॉप सरकारी सर्वेक्षक नव्हते

एकोणिसाव्या शतकात नागपुरात काम केलेले स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दलचा एक मजकूर नागपुरात वरचेवर फिरत असतो. त्याचं सार असं: हिस्लॉप हे इंग्रज सरकारचे भूगर्भतज्ज्ञ. कोळसा आणि खनिजं हुडकायला सरकारने त्यांना इकडे धाडलं, मिशनरीपण हे नुसतं पांघरूण. त्यांनी हिस्लॉप कॉलेज काढलं, 'गोंडवाना' हे नाव जगाला दिलं आणि टाकळघाटच्या नाल्यात त्यांचा 'संशयास्पद' मृत्यू झाला.

यातलं कॉलेजचं विधान तारखांवरच निकालात निघतं. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी वारले. कॉलेज सुरू झालं १८८३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव मिळालं. हिस्लॉप यांनी स्वतः काढली ती मिशनची शाळा, १८४६ मध्ये. कॉलेज पुढे त्याच शिक्षणकार्यातून वाढलं, त्यामुळे नातं खरं आहे, पण संस्थापक म्हणून त्यांचं नाव लिहिणं चूक आहे. 'इंग्रज' म्हणणंही चूक. त्यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा.

आता मुख्य आरोप. सरकारने पाठवलं म्हणता, तर पगार कोण देत होतं ते पाहा. त्यांना पाठवलं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने. हे चर्च १८४३ मध्ये जन्मलं तेच मुळी चर्चच्या कारभारात सरकारची आणि जमीनदारांची ढवळाढवळ नको म्हणून. पाळक कोणी नेमायचा, मंडळीने की जमीनदाराने, हा वादाचा गाभा होता. साडेचारशेहून अधिक पाळक घर, पगार आणि चर्चच्या इमारती सोडून बाहेर पडले. त्यांचे पुढारी टॉमस चामर्स, आणि त्यांच्याच हाताखाली हिस्लॉप ईश्वरविज्ञान शिकले. फूट पडल्यावर दीड-दोन वर्षांच्या आत, १८४५ च्या फेब्रुवारीत, ते नागपुरात पोहोचले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. नागपूर खालसा झालं १८५४ मध्ये. भारताचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं १८५१ मध्ये सुरू झालं, आणि हिस्लॉप त्या खात्याच्या नोकरीत कधीच नव्हते.

एक गोष्ट मात्र लपवू नये. नागपूरच्या या मिशनला सुरुवातीचं मोठं पाठबळ मिळालं ते कामठी छावणीतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून. पण ती त्याची खासगी देणगी होती, सरकारी तिजोरीतली नव्हे. पुढे याच हिस्लॉप यांनी नागपूरच्या ब्रिटिश कारभारावर वृत्तपत्रांतून कडक टीका केली.

'पांघरूण' म्हणणाऱ्यांचा खरा गोंधळ वेगळाच आहे. धर्मप्रचारक माणूस दगड कशाला फोडेल, हा त्यांचा प्रश्न. त्या काळच्या स्कॉटिश इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ताप्रचारावर भर देणाऱ्या मंडळींत हे अगदी रुळलेलं होतं. फ्री चर्चची बाजू मांडणारं 'द विटनेस' हे वृत्तपत्र ह्यू मिलर चालवत, आणि ते नावाजलेले भूगर्भशास्त्रज्ञ होते. एडिंबरोतल्या फ्री चर्चच्या न्यू कॉलेजात, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, जॉन फ्लेमिंग निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. निर्मात्याने केलेली सृष्टी तपशिलाने पाहणं हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग होता. हिस्लॉप हिवाळ्यात गावोगाव सुवार्ता सांगत हिंडत, मराठीत बोलत, आणि त्याच वाटेवर दगड गोळा करत. आणि पांघरूणच असतं तर शास्त्रीय निबंधावर त्याची काय गरज होती? नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकातला १८५५ चा निबंध रेव्हरंड हिस्लॉप आणि रेव्हरंड रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांच्या नावाने उघडपणे छापला आहे.

कोळशाबद्दल बोलायचं तर त्यांना काय सापडलं ते नीट पाहू. १८५१ मध्ये टाकळीला, म्हणजे आज शहरात गेलेल्या भागात, काळ्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, दोन थरांमधल्या पातळ गाळाच्या थरात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, फळं, माशांचे खवले आणि कीटकांच्या पंखांची कवचं मिळाली. या थराचं मोल मोठं आहे. लाव्हा एका दमात ओतला गेला नाही. एक प्रवाह थंड झाला, त्यावर तळी साचली, त्यांत जीव वाढले, आणि मग वरून पुढचा प्रवाह आला. असे जीवाश्म पहिल्यांदा त्यांनाच दिसले असं मात्र म्हणू नये. भूगर्भाचे अभ्यासक माल्कमसन यांनी १८३७ मध्येच दख्खनच्या लाव्हाथरांतल्या शंखांवर लिहिलं होतं. टाकळीच्या थराचं वय हिस्लॉप यांनी इओसीन, म्हणजे क्रिटेशसच्या नंतरच्या काळातलं, धरलं. आज तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या युगाच्या, अखेरीचा मानतात.

सिलेवाडा आणि कामठीकडच्या वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं सापडली. सिलेवाड्याला आज वेस्टर्न कोलफील्ड्सची खाण आहे, त्यामुळे 'बघा, कोळसाच शोधत होते' असं म्हणायला सोपं जातं. पण ही पानं ज्या कामठी थरातली, तो वरचा. कोळसा त्याच्याखालच्या बराकर थरात आहे. हिस्लॉप यांना पडलेला प्रश्न वयाचा होता: इथले पानांचे ठसे आणि बंगालच्या कोळशाबरोबरचे ठसे एकाच काळातले का? खनिजांच्या शोधात निघालेल्या माणसाला मांगलीच्या लाल दगडातली चपटी कवटी काय कामाची? नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवरच्या त्या गावातली ही उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं.

'गोंडवाना' हे नावही हिस्लॉप यांचं नाही. प्रदेशाचं नाव म्हणून ते अकबराच्या काळच्या लिखाणातही आहे. खडकांच्या मालिकेसाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे मेडलिकॉट यांनी ते १८७२ मध्ये वापरलं, छापील स्वरूपात १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांच्या लेखात आलं, आणि प्राचीन भूखंडाला 'गोंडवानालँड' म्हटलं ते ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी, १८८५ मध्ये. तोवर हिस्लॉप यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. हिस्लॉप यांच्या नावावरून खरोखर नाव मिळालेल्या गोष्टींपैकी दोन: हिस्लॉपाइट हे हिरवट खनिज, आणि नागपूरच्या गोड्या पाण्यातली, वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची (ब्रायोझोआ) जात हिस्लॉपिया लॅकस्ट्रिस, जिचं वर्णन कार्टर यांनी १८५८ मध्ये केलं.

मृत्यूत संशयाला जागा नाही. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले होते. बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. सप्टेंबरात विदर्भातले नाले घटकाभरात कसे फुगतात हे इथल्या माणसाला सांगायला नको.

फिरणाऱ्या मजकुरात एका कामाचा उल्लेखच नाही, आणि तेच आज नागपूर-गडचिरोलीच्या वाचकाला सगळ्यात जवळचं आहे. हिस्लॉप यांनी गोंडी शब्द आणि प्रधानांच्या, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक गायकांच्या, तोंडची लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाची लांबलचक गाथा टिपून ठेवली होती. त्यांच्या पश्चात टेंपल यांनी ती टिपणं संपादित करून १८६६ मध्ये छापली. धर्मप्रचारकाने टिपलं म्हणून ते तपासून वाचावं, हे बरोबरच. पण गोंडीच्या अभ्यासात इतकं जुनं आणि विस्तृत साहित्य फार थोडं आहे. ज्यांना हिस्लॉप यांच्याबद्दल काही पुढे पाठवायचंच असेल त्यांनी १८४५ ला आगमन, १८४६ ला शाळा, १८६३ ला मृत्यू, १८६६ ला गोंडी टिपणं आणि १८८३ ला कॉलेज, एवढं लिहून पाठवावं.