सैतान फक्त कार्टूनमध्येच राहतो

गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये मी शौल राजाची गोष्ट सांगायला घेतली. मेलेल्यांना बोलावणारी एन-दोरची ती बाई, रात्री वेष पालटून तिच्या दारात गेलेला राजा, मेलेल्यांतून वर आलेला संदेष्टा शमुवेल. एरवी पेन्सिली पळवणारी पोरं चिडीचूप. गोष्ट अर्ध्यावर आली आणि वेळ संपली. उपासनेनंतर एका मुलाच्या वडिलांनी पाळकसाहेबांना बाजूला घेतलं. "टीचर मुलांना भूतविद्येच्या गोष्टी सांगतात. हल्ली टीव्हीवर असलंच असतं ना, तिथलंच काहीतरी दिसतंय."

पाळकसाहेबांनी काही न बोलता बायबलातल्या पहिल्या शमुवेलाचा २८ वा अध्याय उघडून त्यांच्यापुढे धरला. वडिलांनी चष्मा लावला, अख्खा अध्याय वाचला आणि म्हणाले, "असेल. पण मुलांना कशाला?"

हे चाललं होतं तेव्हा त्यांचा धाकटा, वय वर्षे सात, मागच्या बाकावर बसून त्यांच्याच मोबाईलवर माणसं मारत होता. आवाज बंद ठेवला होता. देवाच्या घरात तेवढा मान राखायलाच हवा.

या प्रसंगाने माझे डोळे उघडले. मुलांनी काय पाहावं, काय ऐकावं, काय खेळावं याबाबत ख्रिस्ती आईबापांनी कसं वागावं, याचं शास्त्र आपल्या मंडळ्यांमध्ये केव्हाच तयार झालेलं आहे. फक्त ते कुणी लिहून काढलं नव्हतं. नव्या आईबापांनो, घ्या.

पहिलं म्हणजे, ज्याच्यावर बंदी घालायची ते स्वतः कधीही पाहू नका. पाहिलं की मत डळमळतं. मंडळीच्या ग्रुपवर आलेला आवाजी मेसेज पुरेसा असतो. त्यात कुणीतरी दम लागलेल्या आवाजात सांगत असतं, की अमुक कार्टूनमधल्या घुबडाच्या डोळ्यात त्रिकोण आहे आणि तमुक गाणं उलटं वाजवलं तर सैतानाची स्तुती ऐकू येते. ही विद्या जुनी आहे. १९८० च्या दशकात लोक तबकड्या हाताने उलट्या फिरवून त्यात सैतान शोधत होते. आता त्यासाठी ॲप आहे, एवढीच प्रगती. गाणं उलटं जरूर तपासा. सुलटं लावलं तर त्यात काय शब्द आहेत याच्या भानगडीत पडू नका. ते तुमच्या मुलाला पाठ आहेत.

टीव्हीच्या वर वचनाची चौकट लावा. १०१ व्या स्तोत्राचं तिसरं वचन या कामासाठी सगळ्यांत खपतं: वाईट गोष्ट मी डोळ्यांपुढे येऊ देणार नाही, अशा अर्थाचं. स्तोत्र दाविदाचं आहे. एका संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना त्याच दाविद राजाच्या डोळ्यांपुढे परक्याची न्हाणारी बायको कशी आली आणि पुढे त्यापायी किती जीव गेले, हा भाग चौकटीत मावत नाही. चौकट वर, टीव्ही खाली. कुटुंबातल्या प्रत्येकाची नजर खालीच असते, त्यामुळे वचनावर धूळ बसते तेवढी महिन्यातून एकदा पुसा. (कॅथलिक बांधवांची जरा सोय आहे. १९५८ साली पोप पायस बारावे यांनी असिसीच्या संत क्लेअरला दूरचित्रवाणीची आश्रयदाती ठरवलं. आजारी असताना तिला अंथरुणातूनच नाताळची मिस्सा दिसली होती म्हणे. आपण प्रोटेस्टंट. आपली भिंत आपल्यालाच सांभाळावी लागते.)

छडी फिरवून उंदराचा घोडा केला तर ते पाप. बंदूक फिरवून चाळीस माणसं आडवी केली तर ते ॲक्शन.

बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय मुलांकडून पाठ करून घ्या, पहिल्या वचनापासून तिसऱ्यापर्यंत: आईबापांचं ऐका, त्यांचा मान राखा. चौथं वचन बापांसाठी आहे, मुलांना चिडवू नका म्हणणारं; तिथे पान उलटा.

सिनेमाच्या सुरुवातीला वयाचा शिक्का येतो, त्याकडे लक्ष देऊ नका. अमेरिकेत १९६८ साली असे शिक्के सुरू झाले. मग त्यातल्या दोन शिक्क्यांमधलं अंतर फार मोठं पडतंय अशी आईबापांची ओरड झाली, म्हणून १९८४ साली तेरा वर्षांची एक पायरी मध्ये घातली. बिचाऱ्यांना वाटलं, आईबाप वाचतील. पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असं त्यावर लिहिलेलं असतं. मार्गदर्शन म्हणजे काय, तर नको ते दृश्य आलं की "डोळे मीट" असं ओरडायचं आणि स्वतः बघत राहायचं.

डोळे मिटण्यावरून आठवलं. चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनचा अलिपियस नावाचा मित्र होता. त्याला द्वंद्वयोद्ध्यांच्या खेळांचा तिटकारा. रोममध्ये दोस्तांनी त्याला ओढतच आखाड्यात नेलं. तो म्हणाला, माझं शरीर न्याल, मन कसं न्याल? आणि डोळे घट्ट मिटून बसला. कान मात्र मिटता येत नाहीत. कुणीतरी कोसळलं, गर्दीने आरोळी ठोकली, याने डोळे उघडले. त्यानंतर त्याला त्या रक्ताची अशी चटक लागली, की तोच दुसऱ्यांना घेऊन जायला लागला. हे सगळं ऑगस्टीनने लिहून ठेवलेलं आहे. तो तरणाताठा माणूस होता, स्वतःच्या निश्चयाने डोळे मिटून बसलेला. तुमचं पोर पाच वर्षांचं आहे आणि त्याच्या बोटांमध्ये फटी आहेत. चालू द्या.

मुलाचं खातं उघडताना जन्मसाल विचारतात, तिथे दहा वर्षं मागे सरका. १३ वर्षांची अट असते. ती अमेरिकेच्या १९९८ सालच्या एका कायद्यातून आली: तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती आईबापांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही. तुम्ही नऊ वर्षांच्या मुलाला एका फटक्यात एकोणीसचा केलात, म्हणजे त्याला काय दाखवायचं आणि काय विकायचं हे ठरवणाऱ्या यंत्राच्या लेखी तो आता मोठा माणूस. संध्याकाळी त्याच मुलाला दहा आज्ञा शिकवायच्या आहेत. खोटी साक्ष देऊ नको, ही आपल्या मोजणीत नववी आणि कॅथलिकांच्या मोजणीत आठवी. फसवणूक दोन्हीकडे सारखीच, पण मुलं तोंडावर विचारत नाहीत.

आता सगळ्यांत सोयीची सूचना. एखाद्या गोष्टीवर ख्रिस्ती शिक्का असला की तिथून उठा. नोहाचं तारू, दोन जिराफ, टाळ्या वाजवणारी कोकरं: लावून द्या आणि निर्धास्त कामाला लागा. मूल बायबल पाहतंय, म्हणजे देवाच्या मांडीवर आहे. तारवाचा व्हिडिओ सात मिनिटांचा असतो हे विसरा. तो संपला की पुढचा आपोआप लागतो, हेही विसरा. पुढचा कोणता लावायचा हे पाळकसाहेब ठरवत नाहीत, संडे स्कूलची टीचर ठरवत नाही, तुम्ही तर नाहीच नाही. ज्याने मूल आणखी सात मिनिटं हलणार नाही ते यंत्र लावतं. तारवानंतर प्राणी, प्राण्यांनंतर एकमेकांना खाणारे प्राणी, त्यानंतर ओळखीच्या कार्टूनचं तोंड लावलेलं भलतंच काहीतरी. हे मी मनचं सांगत नाही. २०१७ साली जगभर यावर बोंब झाली होती: लहान मुलांच्या लाडक्या चित्रांचा मुखवटा घातलेले, आत मारहाण आणि घाण भरलेले व्हिडिओ मुलांच्या पुढ्यात येत होते. तेव्हा ग्रुपवर काय फिरत होतं? घुबडाच्या डोळ्यातला त्रिकोण.

माझ्या वर्गात शेवटी आम्ही प्रार्थनेच्या विनंत्या घेतो. कुणाची आजी आजारी, कुणाची परीक्षा, एकाचं कासव. मागे एकदा एक मुलगी काहीच बोलली नाही. सगळे गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "टीचर, माझी विनंती मोठ्याने नका सांगू. मला डोळे मिटले की ते दिसतं. ते जावं म्हणून प्रार्थना करा." काय दिसतं ते तिने तुटक तुटक सांगितलं. मी इथे लिहिणार नाही. बायबलची गोष्ट बघत होते आणि मग ते आलं, म्हणाली. किती दिवस झाले? तिला सांगता येईना. मम्मीला सांगितलंस? मान हलवली. का नाही? "मम्मी म्हणेल, असलं बघतेसच कशाला."

ऐकलंत ना? ही ज्या घरातली मुलगी आहे त्या घरात जादूगार वर्ज्य आहे, ड्रॅगन वर्ज्य आहे, शेजारच्या मुलीने वाढदिवसाला दिलेलं परीचं पुस्तक परत केलेलं आहे. आणि त्या घरात त्या पोरीला रात्री झोप येत नव्हती, आणि कुणाला पत्ता नव्हता. इतका दरारा बसवलात, की सैतान घाबरला नाही, पोरगी घाबरली. सैतानाला नव्हे, तुम्हाला.

बस झालं. मला आता सूचनाबिचना द्यायच्या नाहीत.

बंदी घालणं सोपं आहे हो. एक शब्द लागतो. पोराच्या शेजारी बसायला तास लागतो, आणि तो तुमच्याकडे नाही, कारण तोवर तुमच्या हातातला मोबाईल तुम्हालाच सोडत नाही. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांशी कधी बोलायचं ते सांगितलंय: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. या चारही वेळा आज कोणाकडे आहेत ते स्वतःच्या घरात बघा. पोरगं जेवताना काय बघतं, तुम्हाला माहीत नाही. कोणता खेळ खेळतं, त्यात त्याच्याशी कोण अनोळखी बोलतं, माहीत नाही. त्याच्या आवडत्या गाण्याची एक ओळ सांगा म्हटलं तर येत नाही. पण टीचरने काय गोष्ट सांगितली याची चौकशी मात्र पाळकांपर्यंत!

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात यादी दिली होती: जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध. त्याने 'त्यांचे मनन करा' म्हटलंय. मनन करायला माणूस जागेवर बसलेला लागतो. त्या यादीत नुसतं पुसून टाका, बंद करा, फॉरवर्ड करा असं काही नाही. आणि पवित्र शास्त्रात भयंकर काही नसतंच असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यातलं 'शास्ते' हे पुस्तक काढून वाचावं. याएल नावाच्या बाईने सीसरा या सेनापतीच्या कानशिलात मेख ठोकली ते चौथ्या अध्यायात आहे. ते मुलांना सांगताना मी त्यांच्या समोर बसलेली असते, त्यांचे चेहरे बघत असते, कुणी घाबरलं तर थांबते. तुमच्या मोबाईलला थांबता येत नाही.

शौलाची गोष्ट तुम्हाला का झोंबली, तेही सांगते. त्यानेच देशातले सगळे भूतविद्यावाले हाकलून दिले होते. दिवसा, हुकूम काढून, सगळ्यांदेखत. आणि रात्र झाल्यावर वेष पालटून त्यांच्यातलीच एक शोधत निघाला. पोरं झोपल्यावर हेडफोन लावून तुम्ही काय बघता ते मी विचारत नाही. पोरांना ते माहीत असतं. त्यांच्यातल्याच एकाने वर्गात विचारलं होतं, "म्हणजे टीचर, राजाला वाटलं कुणी ओळखणार नाही?"

येत्या रविवारी उरलेली गोष्ट सांगणार आहे. शौल दिवसभर उपाशी, ऐकलेल्या बातमीने जमिनीवर कोसळलेला, आणि तीच बाई त्याला उठवून जेवू घालते. तिचं पुढे काय झालं, असं पोरांनी आत्ताच विचारून ठेवलंय. वडिलांना आक्षेप असेल तर त्यांनी आत येऊन मुलाशेजारी बसावं. जागा आहे. मोबाईल बाहेर ठेवून यायचं.