इंजिन बंद करा हो!

शाळा सुटायला अजून दहा मिनिटं आहेत. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि निम्म्या गाड्यांची इंजिनं नुसतीच घुरघुरतायत. कशासाठी? एसी हवा म्हणून! काचा वर, डोळे मोबाइलमध्ये, आणि धूर बाहेर, जिथून आत्ता पोरं धावत येणार आहेत.

काच वाजवून सांगितलं की ठरलेलं उत्तर, "दोनच मिनिटं हो." रोजची दोन मिनिटं, गुणिले चाळीस गाड्या. करा हिशोब.

पहिलीतल्या पोराचं नाक आपल्यापेक्षा सायलेन्सरच्या बरंच जवळ असतं. त्यात लहान मुलं आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतात, म्हणजे वजनाच्या मानाने जास्त हवा आत ओढतात. फुप्फुसं तर अजून वाढतच असतात. धुरातले पीएम २.५, म्हणजे हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून बारीक, थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. इथे फाटकावर कोणाला पत्ता आहे?

माझ्या लेकीची छाती रात्री दोनला शिट्टी वाजवायला लागते. मग अंधारात स्पेसर, म्हणजे औषधाच्या पंपाला जोडायची नळी शोधा, पंप हलवा, तोंडाला मास्क लावा, श्वास मोजा. सकाळी पुन्हा तेच फाटक, तीच रांग.

आणि हो, काल ज्यांनी "दोनच मिनिटं" म्हटलं, त्यांच्या मागच्या सीटवरचं पोरसुद्धा खोकतच होतं.