चेक कोणाच्या नावावर निघाला?

1933 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेत खेचरांनी सरकारी धोरण मानायला नकार दिला. थट्टा नाही करत. कापसाचं उभं पीक मोडायचं होतं आणि नांगराला जुंपलेली खेचरं ओळीवर पाय द्यायला तयार होईनात. का देतील? आमच्याकडे डवऱ्याचा बैल कसा तासातूनच चालतो. झाडावर पाय पडला की पाठीत बसते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तसंच शिकवलेलं ते जनावर. आणि आता तोच माणूस मागून ओरडतोय, तुडव.

पीक मोडायचं कारण भाव. 1929 मध्ये पौंडाला 17 सेंटच्या आसपास असलेला कापूस 1931 मध्ये 6 सेंटच्याही खाली गेला होता. (आपल्या वऱ्हाडातही त्या काळात कापसाची माती झाली, ती याच जागतिक महामंदीत.) मे 1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारने कायदा केला: पीक कमी घ्या, त्याचे पैसे आम्ही देतो. पण तोवर पेरणी उरकली होती. म्हणून त्या वर्षी साधारण 1 कोटी एकरांवरचा कापूस नांगरून मातीत घातला. शहरात लोक भाकरीसाठी रांगा लावत असताना 60 लाख डुकराची पिल्लंही मारली, त्यावरून केवढी बोंब झाली. भाव मात्र वर आला, कापूस 10 सेंटला पोचला.

‘अमेरिकेची महामंदी रूझवेल्टने संपवली की महायुद्धाने?’ हा वाद इथं फेसबुकवर दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. दोन्ही बाजू आकडे फेकतात. 1933 मध्ये चारातला एक कामगार बेकार, 1938 मध्ये बेकारी पुन्हा वर, 1944 मध्ये जेमतेम सव्वा टक्का. आकडे खरे आहेत. पण मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. संपली, पण कोणासाठी? कारण मी मक्त्याने शेती करणाऱ्याच्या घरात वाढलोय. बाबा यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्याचे सात एकर करतात. अतिवृष्टीत कापूस गेला तो बाबांचा. मदत आली ती सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात. मालक पुण्याला असतात. माणूस वाईट नाही, पण त्यांनी विषय काढला नाही आणि बाबांनीही काढला नाही. पुढच्या वर्षी तेच शेत करायचं असतं ना.

तर त्या 1 कोटी एकरांचे दहा कोटी डॉलरच्या वर पैसे वाटले गेले. कापूस पट्ट्यातली निम्म्याहून अधिक शेती तेव्हा कुळं आणि अर्धेलीवाले (पिकाच्या वाट्यावर कसणारे) कसत होते, काळेही आणि गोरेही. घर मालकाचं, खेचर मालकाचं, उधारीचं दुकानही बऱ्याचदा मालकाचंच. सरकारी चेक साहजिकच मालकाकडे. त्याने वाटा द्यावा अशी अपेक्षा होती. काहींनी दिला, बऱ्याच जणांनी जुन्या उधारीत वळता केला. आणि पुढे हिशेब सोपा झाला: जमीन पडीक ठेवायचे पैसे मिळत असतील तर ती कसायला माणसं कशाला हवीत? काढा बाहेर.

करारात एक कलम होतं, जमेल तितकी कुळं कायम ठेवा असं. ‘जमेल तितकी’! शेती खात्याच्या कायदा विभागातल्या काही वकिलांनी त्याचा अर्थ लावला की आहेत तीच माणसं ठेवावी लागतील. फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांच्यातल्या प्रमुखांची नोकरी गेली. कापूस पट्ट्यातले खासदार आणि मोठे जमीनदार नाराज झालेले रूझवेल्टच्या पक्षाला परवडणारे नव्हते. त्याच वर्षी पेन्शनचा, सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, त्यातूनही शेतमजूर आणि घरकामाच्या बाया वगळल्या गेल्या. दक्षिणेत ही कामं बहुतेक कोण करत होतं ते सांगायला नको.

म्हणजे लोक गप्प बसले असं नाही. जुलै 1934 मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावाजवळ 11 गोरे आणि 7 काळे एका शाळेत जमले आणि एकच युनियन काढली. त्या काळात, त्या मुलखात, एकत्र! आणि जानेवारी 1939 मध्ये मिसूरीच्या आग्नेय टोकाला, बूटहील म्हणतात त्या भागात, हाकललेली हजारावर माणसं ऐन हिवाळ्यात हमरस्त्याच्या कडेला बिऱ्हाडासकट येऊन बसली. सरकारच्याच फोटोग्राफरने, आर्थर रॉथस्टीनने, त्यांचे फोटो काढलेत. पलंग, चूल, गाद्या, सगळं रस्त्याच्या कडेला. पोलिसांनी ते ‘आरोग्याला धोका’ म्हणून उठवलं. मंदी संपल्याची बातमी या लोकांपर्यंत पोचली नव्हती.

ती पोचली युद्धात, पण आपणहून नाही. विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत काळ्यांना झाडू मारण्यापलीकडे काम देत नव्हते. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या काळ्या कामगारांचा पुढारी फिलिप रँडॉल्फ म्हणाला, 1 जुलै 1941 ला वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो. रूझवेल्टने 25 जूनला आदेश काढला की युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेद चालणार नाही. मोर्चाच्या सहा दिवस आधी! मग माणसं निघाली. कॅलिफोर्नियातलं रिचमंड 1940 मध्ये 24 हजारांचं गाव होतं, तीनच वर्षांत 90 हजारांच्या वर गेलं. जहाजांचे पत्रे जोडायला बाया आल्या, आर्कान्सा-लुईझियानातले अर्धेलीवाले आले.

इकडे 1944 मध्ये मिसिसिपीत हॉपसनच्या शेतावर पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळा कापूस यंत्राने निघाला. रिचमंडचे कारखाने युद्ध संपताच बंद पडले. परत जायला शेतावर जागा उरली नव्हती.

हे सगळं मी दिवाळीत बाबांना सांगत होतो. युनियन, मोर्चा, रूझवेल्ट, सगळं. ते कापसाच्या गंजीला टेकून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, ‘मंग त्या खेचरायचं काय झालं?’