कॅथलीन हाइट यांचा उल्लेख हवा होता

'गनस्मोक' या अमेरिकन वेस्टर्न रेडिओ मालिकेवरचा तुमचा लेख छान आहे, पण तिचं सगळं श्रेय निर्माते-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडॉनेल आणि लेखक जॉन मेस्टन या दोघांना देऊन तो थांबतो. तिच्या लेखिका कॅथलीन हाइट कुठे गेल्या? बाई मूळच्या कॅन्ससमधल्या विचिटाच्या, आणि मालिका घडते त्याच कॅन्ससच्या डॉज सिटीत! सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीत त्या सेक्रेटरी म्हणून लागल्या आणि तिथूनच स्टाफ रायटर झाल्या. त्या काळात हे पद बायकांना मिळत नसे.

रेडिओवर 'गनस्मोक' १९५२ ते १९६१ चाललं. चित्र नाही, त्यामुळे लाकडी फळ्यांवरची पावलं, घोड्याचं फुरफुरणं, मधली शांतता, सगळं संहितेनेच उभं करायचं. श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हाइट यांचे भाग ऐकून बघा. त्यांच्याकडे बंदुकीपेक्षा माणसं जास्त बोलतात, आणि बायका नुसत्या वाचवून घ्यायला नसतात. १९५६च्या 'फोर्ट लॅरमी' या रेडिओ मालिकेचेही बरेच भाग त्यांचेच. त्यात कॅप्टन क्विन्सचा आवाज रेमंड बरचा, म्हणजे पुढे टीव्हीवर गाजलेला वकील पेरी मेसन! (माझ्या मते ही मालिका 'गनस्मोक'हून उजवी. भांडायला तयार आहे.)

टीव्ही आल्यावर रेडिओची बरीच मंडळी मागे पडली. हाइट मात्र टीव्हीवरच्या 'गनस्मोक'साठी, 'वॅगन ट्रेन'साठी लिहीत राहिल्या, नंतर 'द वॉल्टन्स'साठीही. लेखाच्या पुढच्या भागात निदान एक परिच्छेद त्यांच्यावर येऊ द्या.