डॉयल गोलकीपर होते, पण त्या क्लबचे नव्हे

‘शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे पोर्ट्समथ एफसीचे पहिले गोलकीपर. क्रिकेटमध्ये त्यांनी डब्ल्यू. जी. ग्रेसचा त्रिफळा उडवला आणि १९०८च्या ऑलिम्पिकमध्ये कोसळलेल्या मॅरेथॉनपटूला हात धरून अंतिम रेषेपार नेलं.’ हा मजकूर सतत फिरतो. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी काहीतरी खरं आहे, पण यातली एकही अशी घडलेली नाही.

आधी फुटबॉल. आजचा पोर्ट्समथ एफसी स्थापन झाला ५ एप्रिल १८९८ला. डॉयल यांनी तिथला मुक्काम १८९०च्या अखेरीसच हलवला होता. ते खेळले पोर्ट्समथ असोसिएशन फुटबॉल क्लबकडून. हा हौशी संघ १८८४मध्ये सुरू झाला आणि १८९६मध्ये बंद पडला. नावाच्या सारखेपणामुळे घोळ झाला. आजच्या क्लबचा पहिला गोलकीपर मॅट रायली. त्याचा मान दुसऱ्याला का द्यायचा?

मला तर खरी हकिगतच जास्त भावते. १८८२मध्ये डॉयल पोर्ट्समथच्या साउथसी भागात आले ते तेवीस वर्षांचे नवे डॉक्टर म्हणून. दवाखाना थाटला, पण पेशंटची वाट पाहावी लागे. होम्सची पहिली कथा छापून यायला १८८७ उजाडलं. म्हणजे संघ सुरू झाला तेव्हा गोलमध्ये उभा राहणारा हा माणूस नामवंत लेखक नव्हताच. खेळायचे तेही ‘ए. सी. स्मिथ’ या नावानं. पुढे बचावफळीतही खेळले. त्यात ना पैसा होता, ना नाव. खेळाची ओढ तेवढी होती.

त्या काळचा इंग्लंडचा विख्यात क्रिकेटपटू ग्रेस, त्याची विकेट खरी आहे. ऑगस्ट १९००, क्रिस्टल पॅलेस, डॉयल यांचा एमसीसी संघ विरुद्ध ग्रेसचा लंडन काउंटी. पण त्रिफळा वगैरे काही उडाला नाही. ११० धावांवर डॉयल यांच्या चेंडूवर ग्रेसचा झेल यष्टिरक्षक स्टोररनं घेतला. दहा प्रथम श्रेणी सामन्यांत डॉयल यांना मिळालेली ही एकमेव विकेट, आणि तिच्यात स्टोररचाही वाटा आहे.

मॅरेथॉनपटू होता इटलीचा दोरांदो पिएत्री. २४ जुलै १९०८ला लंडनच्या स्टेडियममध्ये तो पुन्हा पुन्हा कोसळला. त्याला सावरलं ते डॉ. मायकेल बल्जर आणि अधिकारी जॅक अँड्र्यू यांनी, आणि त्या मदतीमुळेच तो अपात्र ठरला. डॉयल तेव्हा प्रेक्षकांत बसले होते, ‘डेली मेल’साठी वृत्तांत लिहायला. त्यांनी पिएत्रीला मदत केली ती नंतर, त्याच्यासाठी वर्गणी गोळा करून.