बिल मंजूर आहे, मग पैसे कुठे अडलेत?

क्लायंट कंपनीला आपल्याकडून काम उद्या सकाळपर्यंत हवं असतं. पैसे मात्र कायम ‘प्रोसेसमध्ये’! पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नाही म्हणून बिल परत. नंबर टाकला तर व्हेंडर कोड, म्हणजे त्यांच्या सिस्टीममधला आपला नंबर, बनलेला नसतो. तो बनला की पुन्हा कॅन्सल्ड चेक मागतात, आधी दिलेलाच. मग सही करणारे साहेब रजेवर, मग ऑडिट. अरे, हे सगळं काम देण्याआधी का नाही विचारलं?

आणि जीएसटी? मासिक रिटर्न असेल तर बिल फाडल्यावर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचाच, क्लायंटने दमडी दिलेली नसली तरी! त्यांच्या उधारीवरचा 18 टक्के कर आपल्या खिशातून का? टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापतात, पण तिमाही उलटून गेली तरी तो 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या कराच्या नोंदीत, दिसत नाही. कापलेले पैसे गेले कुठे?

वर म्हणायचं, ‘आमची पॉलिसी 90 दिवसांची आहे.’ असेल! 2006 चा एमएसएमई (छोट्या उद्योगांचा) कायदा सांगतो: लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, नसला तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करा. ती फुकट होते, एजंटला एक रुपया देऊ नका. नंबर बिलावर छापा. निम्मे पैसे आगाऊ घ्या, मूळ फाइल्स शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच द्या. ‘संबंध बिघडतील’ म्हणून गप्प किती बसायचं? मुदत उलटली की व्याजासकट मागणीचं पत्र पाठवा, तरी हलले नाहीत तर सरळ एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका.