आधी उतारा वाचायला शिकवा, मग शब्द विका

सकाळी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक जाहिरात येऊन पडली. महिन्याभरात तीन हजार इंग्रजी शब्द, रोज पहाटे पीडीएफ, रात्री टेस्ट, पीएचडी प्रवेश पक्का. आज फी भरली तर सूट. त्याखाली आपल्यातल्याच एकाने लिहिलं, "मराठी माध्यमवाल्यांनी हे आधी करावं, मग पेट-नेटच्या भानगडीत पडावं." (पेट म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, नेट म्हणजे प्राध्यापकी-संशोधनासाठीची देशपातळीवरची परीक्षा.) त्यावर दात काढणारे इमोजी. ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस चालू होता म्हणून तिथे गप्प बसले. इथे माझी भिंत आहे, इथे बोलते. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्हाला माहीतच आहे, मी ग्रंथपाल आहे. अभ्यासिकेत बसणारी पोरं मी रोज बघते. वह्याच्या वह्या भरलेल्या असतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. अक्षर सुंदर. 'ए'पासून सुरुवात आणि 'डी'च्या आसपास कुठेतरी सगळ्यांचा दम संपतो. झेडपर्यंत पोचलेली वही मी अजून पाहिलेली नाही.

आमच्या घरातही अशी एक वही आहे. धाकट्या जावेची. समाजशास्त्रात एम.ए., सगळं शिक्षण मराठीतून. आई-वडील बीडकडचे ऊसतोड मजूर. दसरा झाला की ट्रकमध्ये संसार भरून कारखान्यावर जायचं आणि उन्हाळा लागला की परतायचं. ती आजीजवळ राहून शिकली. आता तिला ऊसतोडीतल्या बायकांवर पीएचडी करायची आहे. विषय तिला कुणी सुचवावा लागला नाही.

तर मागच्या वर्षी ती सराव परीक्षेचा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "ताई, यातला एक पण शब्द मला अडला नाही, तरी पाचपैकी चार प्रश्न चुकले. असं कसं?"

उतारा नेमका हंगामी स्थलांतरावरचा होता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन मजूर बांधून घेतात त्याबद्दल. सुरुवातीला लेखकाने मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याच्या, बाजूचं म्हणणं मांडलं होतं की उचलीमुळे पावसाळ्यात घर चालतं, मजुराला आधार होतो. मग एक 'हाउएव्हर', आणि तिथून पुढे लेखक तेच म्हणणं खोडत जातो. त्याचा मुद्दा, मजुराला नाही म्हणायची सोय आहे असं यात नुसतं गृहीत धरलंय. प्रश्न होता, लेखकाचा आक्षेप कशावर आहे? हिने खूण केली 'मजुरी कमी मिळते' या पर्यायावर. मी विचारलं, हे उताऱ्यात कुठे आहे? ती म्हणाली, "पण ताई, हे खरं आहे ना?"

सांगा आता काय उत्तर द्यायचं. खरं आहेच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर, बाईच्या हातात वेगळा पैसा येतच नाही. हे त्या उताऱ्याच्या लेखकापेक्षा तिला जास्त ठाऊक. पण प्रश्न 'खरं काय' असा नव्हता, 'हा माणूस काय म्हणतोय' असा होता. आणि हा फरक तिला शाळेपासून एम.ए.पर्यंत कुणीही सांगितला नव्हता. कुणीही नाही! इंग्रजीच्या तासाला काय व्हायचं? सर एक ओळ वाचायचे, तिचं मराठी सांगायचे, पुढची ओळ. परीक्षेला गाईड. वाचायचं कसं, हे कधी शिकवलंच नाही आणि आता सांगतात तुझे शब्द कमी पडतात.

तीन हजार शब्द विकणाऱ्यांनी एकदा नेटचा अभ्यासक्रम उघडून बघावा. पहिल्या पेपरात पन्नास प्रश्न, शंभर गुण. त्यात एक उतारा आणि त्यावरचे पाच प्रश्न. अभ्यासक्रमात त्या घटकापुढे एवढंच लिहिलंय की उतारा दिला जाईल आणि त्यावर प्रश्न विचारले जातील. समानार्थी-विरुद्धार्थीचा वेगळा विभाग नाही. दोन्ही पेपर मिळून तीन तासांत दीडशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. तिथे पाठ केलेला दुर्मीळ शब्द कुठे भेटणार? भेटतात ते 'अनलेस', 'ऑल्दो', 'द लॅटर'. अमेरिकेला शिकायला जाणाऱ्यांच्या जीआरई परीक्षेनेसुद्धा २०११ साली सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद केलं. आपल्याकडचा बाजार मात्र जोरात.

शब्द लागतात, कोण नाही म्हणतंय. पण कुठले? न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली एक यादी केली. सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासकीय मजकूर चाळला आणि सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणारे ५७० शब्दगट (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक गट) काढले. अझ्यूम, इम्प्लाय, कॉन्टेक्स्ट, डिराइव्ह असले. अशा मजकुरातला साधारण दहावा हिस्सा एवढ्या शब्दांनी भरतो. यादी फुकट मिळते. पण फुकट म्हटलं की आपल्या लोकांना तिची किंमत वाटत नाही, हे वेगळंच दुखणं.

अजून मागे जायचं तर मायकेल वेस्ट. हा इंग्रज माणूस ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होता. १९२६ मध्ये त्याने बंगालच्या मुलांबद्दल लिहिलं, त्याचा रोख असा की या मुलांना इंग्रजीची गरज मुख्यतः वाचायला आहे, तेव्हा आधी वाचायला शिकवा. शंभर वर्षं होत आली. आणि आपण अजून बोलण्यावर अडकलोय. उच्चार ऐकून माणसाची अक्कल मोजतोय.

हे आठवलं की माझं डोकं फिरतं. जावेची मुलाखत झाली होती एका विद्यापीठात, नाव घेत नाही. तिने विषय सांगायला सुरुवात केली, एक वाक्य अडखळलं, आणि समितीतल्या एका बाई म्हणाल्या, "पहिले इंग्रजी सुधारा, मग या." बस्स. विषयाबद्दल एक प्रश्न नाही. समोर बसलेल्या मुलीला उचल, कोयता, मुकादम, फडावरची बाळंतपणं हे सगळं घरातून माहीत आहे आणि तुम्ही तिचा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ऐकत बसलात? संशोधन काय दूरदर्शनवर बातम्या वाचायचं काम आहे? बरं, या बाईंच्या घरी झाडलोट करणारी आणि यांच्या चहात पडणारी साखर तोडणारी बाई, दोघी मराठीच बोलतात. त्यांच्याकडून माहिती घेताना कुठलं इंग्रजी लागणार आहे?

थांबते जरा. मघाशी लिहिता लिहिता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

हं. तर शांतपणे. संशोधनाचं निम्म्याहून जास्त वाचन इंग्रजीत आहे, हे मलाही मान्य आहे आणि जावेलाही. ती काही सवलत मागत नाहीये. नेटचा पेपर हिंदीतही असतो ना, असं कुणीतरी म्हणेलच. असतो. पण अनुवादात घोळ झाला तर इंग्रजी पाठ ग्राह्य धरतात, म्हणजे फिरून गाडी तिथेच. आणि मराठी मुलीला सरकारी हिंदी इंग्रजीपेक्षा सोपी जाते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आम्ही काय केलं ते सांगते. वही बंद केली. जेवणं उरकली की एक परिच्छेद, एकच. तिच्याच विषयावरचा. मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीचे जुने अंक ग्रंथालयात पडून होते, धूळ खात. त्यातला शेतमजुरांवरचा एखादा लेख घ्यायचा. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायची नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्याजवळ थांबून विचारायचं, हे कोण म्हणतंय? लेखक स्वतः, की लेखक दुसऱ्याचं सांगतोय? 'इट हॅज बीन अर्ग्यूड' आलं की सावध व्हायचं, हा गडी आता हे खोडणार बहुतेक. लांबलचक वाक्य आलं तर आधी क्रियापद शोधायचं, मग त्याचा कर्ता. नडलेला शब्द लगेच कोशात बघायचा नाही. आजूबाजूवरून अंदाज बांधायचा, परिच्छेद संपल्यावर कोश. आणि शेवटी पुस्तक मिटून मराठीत एका वाक्यात सांगायचं, हा काय म्हणाला.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. सुरुवातीला ती लेखकाचं म्हणणं सांगता सांगता स्वतःचंच सांगायला लागायची. "ताई, याला काही माहीत नाही, माझी आई तर..." मी म्हणायची, अगं, आईचं तू थिसिसमध्ये लिही, आत्ता याचं सांग. मग चिडायची. रुसून भांडी घासायला जायची. दुसऱ्या दिवशी परत यायची.

आणि हळूहळू मजा यायला लागली. 'अझ्यूम' तिने कधी पाठ केला नाही, पण इतक्या लेखांत भेटला की एके रात्री तीच म्हणाली, "हा पण गृहीतच धरतोय, दाखला कुठंय याच्याकडे?" त्या लेखकाचं नाव मोठं आहे. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. ज्या वाचनासाठी पीएचडी असते ते वाचन ती स्वयंपाकघरात करत होती, मार्गदर्शक नाही, विद्यापीठ नाही, फेलोशिप नाही.

यातून किती मार्क वाढतील, याची हमी मी देत नाही. पाच प्रश्नांचे दहाच गुण आहेत. पण दुसऱ्या पेपरातले शंभर प्रश्नही शेवटी वाचायचेच असतात ना! आणि मार्च २०२४ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला जोडले आहेत. ज्यांना जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नाही त्यांच्यासाठी सत्तर टक्के वजन परीक्षेला आणि तीस टक्के मुलाखतीला. म्हणजे उतारा वाचता आला पाहिजेच, आणि वर ते तीस टक्के कुणाच्या तरी कानाच्या आवडीनिवडीवर.

पाठांतरवाल्यांवर माझा राग कमी आहे, खरं सांगायचं तर. ते धंदा करतात, पोरं घाबरलेली असतात, विकलं जातं. राग आहे तो आपल्यावर, आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांवर. आपण मराठी माध्यमातूनच आलो, कसंबसं निभावलं आणि आता दारात उभे राहून मागून येणाऱ्यांना हसतोय.

तर समित्यांवर बसणारे माझे काही मित्र इथे आहेत. टॅग करत नाही, तुम्हाला कळतंय. या खेपेला मुलाखतीला अशी एखादी मुलगी आली तर एवढंच करा. तिच्या विषयावरचं एक इंग्रजी पान तिच्या हातात द्या, दहा मिनिटं वाचू द्या, आणि मराठीत विचारा, हा लेखक काय म्हणतोय आणि तुला ते पटतं का. मग द्या काय द्यायचे ते गुण. आणि ते पान आधी तुम्हीही वाचून ठेवा, ती प्रश्न विचारेल.